कार्ड यादीत येईना

रविवार, १८ मे २००८. सकाळी ७.

आजपासून तांत्रिक नोंदी ठेवायच्या. डायरी २००६ सालची आहे, ऑफिसच्या कपाटात कोरी सापडली. रोज वार खोडून नवा लिहावा लागेल. तेवढं चालतं. या नोंदी फक्त माझ्यासाठी.

सद्यस्थिती अशी. प्रतीक्षाला पीयूसीला, म्हणजे बारावीला, एक्क्याऐंशी टक्के पडले. पुण्याच्या एका फिजिओथेरपी कॉलेजला पोरीचा अर्ज जायचा आहे. अर्ज फक्त ऑनलाइन. शेवटची तारीख १४ जून. चार आठवडे आहेत, म्हणजे भरपूर. घरात कॉम्प्युटर आहे, मी स्वतः जुने भाग जमवून जोडलेला. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे; मोकळं, फुकट, कुणाच्या बापाचं नाही. ब्रॉडबँडचा डबा महिन्यापूर्वीच भिंतीला लागला. त्याची वायर खोचायला फक्त एक नेटवर्क कार्ड पाहिजे होतं, तेही काल हैदराबादच्या बसनं आलं.

तुळजाचं म्हणणं, एवढं कशाला, इथं बीदरातच नौबादच्या कोपऱ्यावर राजपालचं सायबर कॅफे आहे, अर्ध्या तासात फॉर्म भरून होतो. बायकोला शांतपणे समजावलं. सायबरच्या मशीनमध्ये व्हायरस असतात, कोणीही पासवर्ड चोरतो. आपल्या पोरीचा अर्ज आपल्या घरातून, आपल्या मशीनवरून गेला पाहिजे. ती हूं म्हणाली. पटलं असावं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.

कार्डाची पूजा झाली. नवी वस्तू घरात आली की आई मैलारच्या खंडोबाचा भंडारा लावल्याशिवाय वापरू देत नाही, मग सायकल असो की मिक्सर. प्रतीक्षा आजीच्या गुडघ्यांना लसणाचं तेल चोळत होती. आईनं तशाच तेलकट हातानं हळदीची चिमूट घेतली आणि येळकोट म्हणत कार्डाच्या खालच्या सोनेरी दातांवर अंगठा फिरवला. मीही एक बोट ओढलं. काही लोक नावं ठेवतील. पण ओपन सोर्स म्हणजे तरी काय, ज्याला जमेल त्यानं हात लावायचा.

आई त्या कॉलेजला ‘पाय चोळायचं कॉलेज’ म्हणते. पाय चोळायला पुण्याला कामून जायचं, माझे हितंच हायेत की, असं तिचं म्हणणं. अडाणी आहे बिचारी. मुद्दा मात्र अगदीच चूक नाही.

कार्ड बसवलं. लिनक्समध्ये एक कमांड आहे, ती दिली की कॉम्प्युटर आपल्या पोटात काय काय आहे याची यादी छापतो. शिरगणती करावी तशी. साउंड कार्ड आहे, डिस्प्ले आहे, नेटवर्क कार्ड नाही. तीनदा बघितलं.

निदान: ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी कसं बोलायचं हे मशीनला शिकवणारा प्रोग्राम. बरोबर आलेल्या सीडीवर फक्त विंडोजवाल्यांचा आहे. ओपन सोर्सवाल्यांनी कुठे ना कुठे लिहिलेला असणारच. दोन दिवसांचं काम.

मंगळवार, २० मे.

एक छोटी अडचण. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय येत नाही. तेव्हा ऑफिस सुटल्यावर पेन ड्राइव्ह घेऊन राजपालच्या सायबरमध्ये गेलो. हे तत्त्वाच्या विरुद्ध नाही. तिथे फॉर्म भरायचा नाही असं ठरलंय, ड्रायव्हर उतरवायचा नाही असं ठरलेलं नाही.

राजपाल शाळेत माझ्या मागं दोन वर्षं होता. आता सहा मशीन, प्लायवूडच्या सहा खोल्या, प्रत्येकीला फुलांचा पडदा. तो कॉम्प्युटर दुरुस्तही करतो, पण पंक्चर काढल्यासारखा. त्याला प्रश्न सांगितला. त्याचं उत्तर असं की अण्णा, यादीत नावच नसेल तर ड्रायव्हर चालवणार कुणाला. कार्ड काढा, दात पुसा, पुन्हा बसवा. मी हसलो. लिनक्स पुसून चालत नसतं, समजून घ्यावं लागतं.

गुरुवार, २२ मे. सकाळी ६.

पहिला ड्रायव्हर बसवला. शंभरेक ओळी सरसर वर गेल्या, शेवटी एरर. एरर वाचून आनंद झाला, कारण विंडोज माणसाला एरर नीट वाचूही देत नाही.

यादीत कार्ड नाही.

शनिवार, २४ मे.

संकल्प: रोज सकाळी साडेपाचला उठून एक तास. चहाआधी. पशुसंवर्धनच्या ऑफिसात या विषयावर विचार करायचा नाही, कारण परवा म्हशींच्या लसीकरणाच्या तक्त्यात मी लिनक्समधला ‘कर्नल’ हा शब्द टाइप केला आणि साहेबांना वाटलं मिलिटरीवाल्यांच्या म्हशी आहेत.

भिंग लावून चिपवरचं बारीक लिखाण वाचलं. एक अक्षर ८ आहे की बी, कळत नाही. सगळा घोटाळा तिथेच असणार. दोन्ही समजून दोन ड्रायव्हर आणायचे.

मंगळवार, २७ मे.

सायबर. ८ चा ड्रायव्हर उतरवला. राजपालच्या दाराशी तुळजाच्या चपलेसारखी चप्पल होती, तशीच निळ्या पट्ट्याची, तसाच तुटून शिवलेला अंगठा. हल्ली सगळ्या चपला सारख्याच येतात. राजपाल आज फार मोठ्यानं बोलत होता. या अण्णा, बसा अण्णा, दोन नंबरला बसा अण्णा, असं चारदा. त्याला कमी ऐकू यायला लागलं असावं.

घरी आलो तर कुलूप. तुळजा अंगणवाडीतून आणि प्रतीक्षा मैत्रिणीकडून, दोघी पंधरा मिनिटांनी बरोबरच आल्या. बांगड्या बघायला गेलो होतो म्हणाल्या. आवडल्या नाहीत म्हणे. हात रिकामेच होते.

शुक्रवार, ३० मे.

आज दोन मोठी कामं. एक: कॉलेजच्या फॉर्मचं पान जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर उतरवून घरी आणलं. म्हणजे कार्ड चालू होण्याआधीच फॉर्म भरून तयार ठेवता येईल. राजपालचं एवढं डोकं चाललं नसतं.

दोन: जगभरच्या लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर इंग्रजीत सविस्तर पत्र टाकलं होतं. पोलंडच्या एकाचं उत्तर आलं. एकच ओळ: कार्ड नीट बसलंय का? मी एवढं दोन पानं लिहिलं आणि हा विचारतो बसलंय का. आमच्याकडे जनावर बसलं की उठत नाही म्हणून माणसं खात्यात येतात. बसण्यातलं मला कोणी शिकवू नये.

रविवार, १ जून.

दिवसभर कर्नल नव्यानं तयार केला. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याला सात तास लागले. मशीन तापलं म्हणून घरातला एकमेव टेबल फॅन त्याच्यावर लावला. आई पदरानं वारा घेत बसली. विज्ञानासाठी कुणाला तरी सोसावं लागतं.

यादीत कार्ड नाही. साउंड कार्डही गेलं.

बुधवार, ४ जून.

साउंड कार्ड परत आलं. ही प्रगती आहे.

प्रतीक्षाला बसवून तिच्याच देखत घरच्या मशीनवर फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, टक्के. पासपोर्ट फोटो मागितला तर तिनं लगेच पाकीट आणून दिलं. आठ फोटोंच्या पाकिटात सहाच होते. फोटोवाले हल्ली फसवतात. मी फोटोवाल्याकडे जायला निघालो तर ती म्हणाली, अप्पा, राहू द्या. पोर भांडणाला भिते. पुण्यात कसं होणार हिचं, असं मनात आलं.

रविवार, ८ जून. सकाळी.

आज काम केलं नाही.

प्रतीक्षा आजीला पलंगाच्या कडेला बसवून पाय वर-खाली करायला लावत होती. एक, दोन, तीन, असं मोजत. आई शिव्या देत होती आणि करत होती. आईचा पाय वर जातो हे मी वर्षभरात पहिल्यांदा बघितलं. पोरीच्या हातात काहीतरी आहे.

ती गेली की घरात तीन माणसं. तुळजा दिवसभर अंगणवाडीत. पुण्याला गेलेली पोर सुट्टीला येते, म्हणजे पाहुणीच. ऑफिसातल्या रेवणसिद्धप्पाचा मुलगा बंगळूरला लागला, दोन वर्षं झाली, फोनवर ‘येतो येतो’ म्हणतो आणि येत नाही. रेवणसिद्धप्पा आता डब्यात एकच भाकरी आणतो. का ते मी विचारलं नाही.

याचा आणि कार्डाचा काही संबंध नाही. थोडा थकवा आहे एवढंच. उद्यापासून बी चा ड्रायव्हर.

मंगळवार, १० जून.

बी चा ड्रायव्हर बसला, एररही आला नाही. यादीत कार्ड नाही. म्हणजे ड्रायव्हर आला आणि गाडीच नाही. राजपाल असंच काहीतरी म्हणाला होता, पण त्याच्या म्हणण्यात शास्त्र नव्हतं.

चार दिवस आहेत. तुळजा तारखेबद्दल एक शब्द विचारत नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्यावर काही सोपवलंय. हा विश्वास मोठा वाटतो.

शुक्रवार, १३ जून.

प्रतिज्ञा. उद्या दुपारी बारापर्यंत कार्ड चाललं नाही तर तत्त्व बाजूला ठेवून सायबरमध्ये फॉर्म भरायचा. पोरीच्या आयुष्यापुढे लिनक्स काय चीज आहे. हे मी स्वतःच्या हातानं लिहितोय आणि खाली सही करतोय. सिद्धराम नागप्पा मेत्रे.

शनिवार, १४ जून. सकाळी ९.

रजा टाकली. मार्क्स कार्ड, दाखले, फोटो, सगळं पिशवीत. कार्ड चाललेलं नाही. ठरल्याप्रमाणे निघतो.

दुपारी १.

गेलो होतो. सहापैकी चार मशीन रिकामी. राजपालनं विचारलं, काय उघडू अण्णा. पिशवी मांडीवर होती. मी म्हणालो, ड्रायव्हर.

चाळीस मिनिटं बसलो. एक ड्रायव्हर उतरवला, तो आधीच उतरवलेला निघाला. मग वीज गेली. चारच मिनिटं गेली, पण एकदा गेली की भरवसा राहत नाही, फॉर्म अर्धवट जातो. उठलो. राजपालनं बाहेरपर्यंत येऊन चहा घ्या म्हणून हात धरला. त्याला कशाची एवढी दया आली कोण जाणे.

संध्याकाळी ५.

घरच्या मशीनवर भरलेला फॉर्म उघडला आणि सबमिट दाबलं. सर्व्हर सापडत नाही असं आलं. अपेक्षितच होतं. पण दाबलं, वेळेत दाबलं. प्रिंटर बंद असला तरी दिलेलं पान रांगेत थांबतं आणि प्रिंटर चालू झाला की छापून येतं. लिनक्समध्ये सगळं तसंच असतं. नेट येईल तेव्हा अर्ज आपोआप जाईल, आणि वेळ आजचीच पडेल.

घरात सांगितलं, अर्ज दिला. प्रतीक्षानं मान खाली घातली. तुळजा म्हणाली, जेवा.

रविवार, १५ जून.

तारखा वाढतातच. आमच्या खात्याची कुठलीही शेवटची तारीख आजपर्यंत शेवटची ठरलेली नाही.

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

बुधवार, १८ जून. कारहुणवी.

आज बैलांचा सण. ऑफिसात अर्धी माणसं गावाला. आम्ही मन्नाएखेळ्ळीला शेत होतं तोवर जात होतो.

पोर रडली नाही. हे नोंदवून ठेवतो. चार दिवस मी तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं, आज बघितलं. रडल्याची काही खूण नाही. उलट गुणगुणत होती. माझ्यावर एवढा विश्वास ठेवू नये कुणी. मला भीती वाटते. मी काहीतरी फार वाईट केलंय असं पहाटे जाग आल्यावर वाटतं, मग उठून यादी बघतो.

यादीत नाही.

शनिवार, २१ जून. सकाळी ११.

ऐतिहासिक दिवस. कार्ड ओळखलं गेलं!

क्रम असा. सकाळी राजपाल स्वतःहून घरी आला. आत जाऊन तुळजाशी काहीतरी बोलला. प्रतीक्षा स्वयंपाकघरात एकदम हसली, मग तुळजाच्या गळ्यात पडली बहुतेक, कारण एक पातेलं पडलं. सणाच्या पोळ्यांबद्दल काही असेल. मग राजपाल माझ्याकडे आला, म्हणाला, अण्णा, आता बघू द्या एकदा. कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड उपसलं. दातांवर पिवळा, तेलकट थर जमला होता, त्यावर धूळ. त्यानं खिशातून खोडरबर काढलं, शाळेच्या पोरांचं असतं ते, आणि दात घासले. रबर पिवळं झालं. कार्ड पुन्हा बसवलं. दोन मिनिटं.

यादीत कार्ड आलं. माझा बी चा ड्रायव्हर त्याला लगेच लागला. म्हणजे ड्रायव्हर बरोबरच होता, माझं निदान खरं ठरलं. रबर निमित्तमात्र.

आईला सांगितलं की तुझ्या भंडाऱ्यानं महिना खाल्ला. ती म्हणाली, देवानं अडवलं असंल तर कायतरी बघूनच अडवलं असंल.

रविवार, २२ जून. सकाळी ८.

कॉलेजची साइट उघडली. वरच लिहिलेलं, निवड यादी. उघडली. एकेचाळीसाव्या नंबरला: मेत्रे प्रतीक्षा सिद्धराम.

पुन्हा वाचलं. मेत्रे प्रतीक्षा सिद्धराम. पुण्याच्या यादीत पोरीच्या नावाशेजारी माझं नाव.

अर्ज गेला! रांगेत थांबलेला अर्ज काल नेट लागल्याबरोबर गेला! मी ओरडलो. सगळे आले. मी सांगायला लागलो की १४ तारखेला मी सबमिट दाबलं होतं, लोक हसले असते, पण लिनक्स काही विसरत नसतं, आणि प्रतीक्षाच्या पाठीवर हात ठेवला. आई तेवढी म्हणाली, बरं झालं बाबा. मला वाटलं, आनंदानं सगळे गप्प आहेत.

सकाळी साडेआठ.

यादीत शेवटचा रकाना आहे, अर्जाची तारीख. तिच्यापुढे २७ मे.

सकाळी १०.

विचारलं. तुळजानं लपवलं नाही. २७ मे, मंगळवार, राजपालचं सायबर, तीन नंबरची खोली. मी दोन नंबरला ड्रायव्हर उतरवत होतो, त्या दोघी प्लायवूडच्या पलीकडे श्वास धरून बसल्या होत्या. मी गेल्यावर बाकीचा फॉर्म भरला. परवा यादी लागली, राजपालनं बघितली, काल सांगायला आला. कार्डही तो पहिल्याच आठवड्यात येऊन पुसणार होता. तुळजानंच थांबवलं, यादी लागूस्तवर राहू द्या, गुंतलेले बरे, असं म्हणाली. म्हणजे चार आठवडे मी काम करत नव्हतो, मला कामाला लावलं होतं.

प्रतीक्षा रडायला लागली. म्हणाली, ‘अप्पा, मी रोज सांगणार होते. पण तुमी इतकं करायलाव माझ्यासाठी, कसं सांगू?’

मी तुळजाला म्हणालो, मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का. ती पोळपाट पुसत होती. आवाज चढवला नाही.

‘न्हाई म्हणला नसताव. उद्या म्हणला असताव.’

मंगळवार, २४ जून.

दोन दिवस बोलत नाही कुणाशी. त्यांच्या लक्षात आलंय की नाही माहीत नाही, सामानाची यादी चाललीय.

तुळजानं काल ते जुनंही काढलं. १९९२ साल. तिला टीचर ट्रेनिंगला जायचं होतं. फॉर्म भरून माझ्याकडे दिला होता, भालकीला नेऊन द्यायला. तो माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिला. तिनं एवढंच सांगितलं आणि साड्यांच्या घड्या घालत राहिली. मला वाटत होतं ती ते कधीच विसरली.

ते प्रकरण वेगळं होतं. त्या आठवड्यात जनावरांची गणती होती, मी गावोगाव फिरत होतो. प्रतीक्षा दोन वर्षांची होती, आईकडे राहिली नसती. आणि मी देणारच होतो. तारीख गेल्यावरही महिनाभर मी तिला ‘दिलाय, उत्तर येईल’ असं सांगत होतो. हे आत्ता लिहिताना आठवलं. तुळजा महिनाभर पोस्टमनची वाट बघत दारात बसायची. तेव्हाही माझं मन सांगत होतं की कुठूनतरी येईल उत्तर.

मला रडू आलं. इथे लिहितो, कारण ही डायरी कोणी वाचत नाही.

रविवार, २९ जून.

संकल्प: पुण्याला तिघांनी सोडायला जायचं. साहेबांना रजा मागणार. आईजवळ शेजारच्या निलम्मा थांबतील का विचारायचं.

बुधवार, २ जुलै.

रजा मागितली नाही. विचार केला, सगळेच गेले तर आईचं कसं होणार. शिवाय नेट नुकतंच लागलंय, घरात माहितगार माणूस पाहिजे. तुळजानं दोनच तिकिटं काढली होती. परवाच काढली होती. मला विचारायला थांबली नव्हती.

शनिवार, ५ जुलै. संध्याकाळी ७.

गेल्या. बीदर स्टँडवरून पुण्याची बस. प्रतीक्षाची ट्रंक मी वर चढवली. तिला सांगायचं बरंच ठरवलं होतं, सकाळी दाढी करताना पाठही केलं होतं. की तुझा अर्ज मी भरला नाही, पण माझ्या मनात होतं. की तू जावं असं मला वाटत होतं आणि जाऊ नये असंही, आणि दुसरं जास्त वाटत होतं, हे मला कार्ड लागल्यावर कळलं. की तुझी आई माझ्यापेक्षा शहाणी आहे, तिचं ऐक.

ती पाया पडली. वर बघून थांबली, मी काही बोलेन म्हणून. मी म्हणालो, हॉस्टेलला कॉम्प्युटर असेल तर त्यात कुठलं कार्ड आहे ते बघून कळव. ती म्हणाली, कळवते अप्पा. मग मी वायर कशी खोचायची ते सांगायला लागलो, क्लिक असा आवाज आला पाहिजे म्हणून, आणि बस हलली. तुळजानं खिडकीतून सांगितलं, आत्याबाईंच्या गोळ्या टीव्हीवर ठेवल्यात.

नौबादपर्यंत चालत आलो. रिक्षात बसून कुणाशी बोलावं लागलं असतं.

रविवार, ६ जुलै. सकाळी १०.

पोचल्या. राजपालच्या दुकानात फोन आला, तो सांगायला आला. हॉस्टेलला कॉम्प्युटर नाही. पोरीला खिडकीजवळची खाट मिळाली. तुळजा बुधवारी येते.

नेट चालू आहे. स्पीड चांगला. काय बघावं सुचेना. निवड यादी उघडून एकेचाळीसावा नंबर बघावा म्हटलं तर तिथे आता ‘प्रवेश पूर्ण झाले’ एवढंच लिहिलंय, नावं काढून टाकली.

आईनं हाक मारली, पाय चोळायला. तेल गरम करून घेतलं. माझा हात तिला लागेना; जोरात म्हणाली, मग हळू म्हणाली, मग राहू दे म्हणाली, मग पुन्हा चोळ म्हणाली. तिनं विचारलं, ते कॉम्प्युटरचं झालं का. झालं म्हणालो. त्यात पोर दिसंल का म्हणाली. नाही, तिच्याकडे तिथं कॉम्प्युटर नाही. पोरीचा आवाज तरी येईल का. नाही.

तिनं पाय ओढून घेतला. मग म्हणाली, ‘मग केलास कशाला रं सिद्धा?’

उद्या सांगतो म्हणालो.